पानाची पाठ

“लोकर होती, लोकर!” डिंककाका म्हणाले. “डिंक लावावा तर तो लोकरीलाच चिकटायचा, पान आपलं मोकळंच. दोन दिवस छळलं मला तुझ्या त्या लाल फोल्डरातल्या पानानं.”

वर्णनबाई भिंग पुसत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कुठल्या पानानं, काका?”

“तुझ्याच की गं! ज्याच्यावरून तुझं एवढं नाव झालं. मग मी काय केलं, ओला कापूस घेतला आणि बसवायच्या आधी सरसकट सगळ्या पानांची पाठ चोळून काढली. अशी गुळगुळीत केली, तेव्हा कुठं नीट बसलं. सव्वीस वर्षं झाली, एक टोक तरी उचललंय का? बघ जाऊन.”

“नाही उचललं,” बाई म्हणाल्या. त्यांनी भिंग डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण दोनदा लावलं.

ते झाकण एकदाच लागतं, हे मला माहीत होतं. बाईंच्या समोरच्या टेबलावर बसून मी एकोणीस वर्षं या संस्थेत वाळवलेल्या झाडांची आवक-जावक लिहितो आहे. जिवंत म्हणावं असं आमच्याकडे फक्त कसर असते, आणि आम्ही.

काम असं चालतं. दूरदूरच्या डोंगरांतून दाबून वाळवलेल्या फांद्या येतात. काका त्या जाड कागदावर डिंकानं बसवायचे. एक पान नेहमी उलटं बसवायचं, म्हणजे पाठही दिसते. गळून पडलेला चुरा फेकायचा नाही. तो लहानशा कागदी पाकिटात घालून पाकीट त्याच कागदाच्या कोपऱ्यात चिकटवायचं. मग तो कागद बाईंकडे जायचा. बाई भिंगातून बघून झाडाचं वर्णन लिहीत, एकदा इंग्रजीत आणि एकदा स्पॅनिशमध्ये, कारण आमचा निम्मा माल स्पॅनिश बोलणाऱ्या देशाकडून अदलाबदलीत येतो आणि वर्णन, खाली बाईंच्या सहीसह, तिकडे परत जातं.

यासाठी बाईंनी कार्डं केली होती. अकराशे चाळीस. वर इंग्रजी शब्द, खाली स्पॅनिश, त्याखाली पेन्सिलीनं मराठी. गुळगुळीत पान ‘ग्लाब्रो’. दाट लोकरीचं पान ‘तोमेन्तोसो’. बिनदेठाचं पान ‘सेसिल’. ही भाषा त्या कुणाकडून शिकल्या नव्हत्या, कार्डांतूनच शिकल्या. त्यामुळे पानाला जे जे म्हणून होऊ शकतं ते सगळं त्यांना स्पॅनिशमध्ये सांगता येई, आणि प्यायला पाणी मागता येत नसे.

बाई माणसांचंही वर्णन करीत, ओठांतल्या ओठांत. साहेब केबिनमधून बाहेर आले की, “टोक अणकुचीदार, बूड पसरट.” माझ्याकडे बघून, “सेसिल.” म्हणजे थेट खुर्चीलाच फुटलेला. मी एकदा चिडून विचारलं, “आणि तुम्ही?”

त्यांनी विचार न करता सांगितलं, “पेर्सिस्तेन्ते. फूल गळून जातं, तरी पाकळ्यांखालचा हिरवा पेला देठाला तसाच राहतो ना, ती मी.”

मग मी पुन्हा विचारलं नाही. वडील गेल्यावर त्या नोकरीला लागल्या, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि त्याच घरातल्या मागच्या खोलीत बाई राहिल्या. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते. एवढं वर्णन पुरे.

त्या आयुष्यात एक लाल फोल्डर होतं. सव्वीस वर्षांपूर्वी एक कागद त्यांच्यापुढं आला. झाड ओळखीच्या जातीसारखंच, फक्त त्या जातीच्या पानाच्या पाठीला लोकर असते आणि या पानाला नव्हती. बाईंनी तीनदा पाहिलं आणि मोठ्या साहेबांना, म्हणजे तेव्हाच्या, जाऊन सांगितलं. साहेबांनीही भिंग लावलं. नवी जात ठरली. तिच्या नावाचा अर्थच ‘केस नसलेली’. ज्या कागदावरून जात ठरते तो लाल फोल्डरात, कुलपाच्या कपाटात ठेवतात. छापील लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आली: वर्णनासाठी आमच्या सहायिकेचे आभार.

ती ओळ भावाच्या बायकोनं फ्रेम करून बैठकीत लावली आहे. आल्यागेल्याला त्या दाखवतात, “आमच्या वन्संनी जगाला एक झाड दिलंय हो!” आणि आत वळून, “वन्सं, दूध उतू जातंय.”

आता त्या स्पॅनिशवाल्या देशातून एक संशोधक बाई तोच कागद बघायला येणार होती. पत्र आल्यापासून साहेबांनी संस्थेचे जिने दोनदा धुऊन घेतले होते. तिला चहाला बोलवायचं म्हणून घरी बाईंच्या वहिनींनी बैठकीचे पडदे बदलले होते. आणि दर बुधवारी जुन्या खोलीत येऊन बसणारे डिंककाका, ज्यांना आता दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो, ते त्या खुशीत जुनी आठवण सांगून बसले.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा बाईंनी रजिस्टरवर सही करून लाल फोल्डर घेतलं. तारीख घालायला विसरल्या. मी घातली.

“जेवत नाही का?” मी विचारलं.

“तुम्ही इकडे या जरा.”

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी कोपऱ्यातल्या पाकिटातला चुरा ठेवला होता. चुऱ्याला डिंक लावायचा नसतो, म्हणून त्याची पाठही कुणी पुसलेली नसते. मी डोळा लावला. मला झाडातलं काही कळत नाही, पण लोकर कळते. त्या इवल्याशा तुकड्याच्या एका बाजूला पांढरी लोकर गच्च माजली होती.

म्हणजे पान गुळगुळीत नव्हतंच. काकांनी केलं होतं. आणि ती वेगळी जात नव्हतीच. जुनीच होती, पाठ पुसलेली.

“आणखी कुणी पाहिलंय?”

“पाकीट कुणी उघडलंच नव्हतं. घडी जशीच्या तशी होती.”

मी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणालो, “बाई, एवढासा तर चुरा. फुंकर मारा, उडून जाईल.”

त्या इतका वेळ तोंडावर रुमाल धरून का उभ्या आहेत, ते मला तेव्हा कळलं. आपल्या श्वासानं चुरा उडू नये म्हणून.

“काकांना कळलं तर?” मी म्हणालो. “‘चाळीस वर्षांत माझं एक पान सुटलं नाही,’ याच्यावरच तर जगतात ते. आणि घरी वहिनी…”

“मला घरातलं माहीत आहे,” बाई म्हणाल्या. त्यांनी चिमट्यानं एकेक तुकडा पाकिटात घातला, घडी पहिल्यासारखी घातली आणि फोल्डर कपाटात ठेवलं. “उद्या बघू.”

त्यांचा डबा तसाच राहिला. संध्याकाळी तो रिकामा करून न्यावा लागेल, नाहीतर घरी प्रश्न येतील, म्हणून तो मी खाल्ला.

पाहुणी दुसऱ्या दिवशी आली. चाळिशीची असेल. उन्हानं रापलेली, एक पाय ओढत चालणारी. इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं बोलत होती, त्यामुळे कुणाला कमीपणा वाटला नाही. वर्णनबाईंना तिनं नावानं ओळखलं. साहेब चपापले, त्यांना ते नाव आठवायला वेळ लागला असता.

“तुमची वर्णनं मी विद्यार्थिनी असल्यापासून वाचते,” ती म्हणाली. “एक शब्द जास्त नाही.”

बाईंनी स्वतःच्या भाषेतलं काही म्हणण्याऐवजी तिच्या भाषेतला ‘पान’ हा शब्द म्हटला, का कोण जाणे. पाहुणी हसली आणि तिनं तो शब्द बरोबर कसा म्हणतात ते सांगितलं. तीस वर्षं बाई तो चुकीचा म्हणत होत्या. त्यांनी लगेच पेन्सिल काढून कार्डावर टिपलं.

मग पाहुणीनं लाल फोल्डर उघडलं आणि भिंग घेऊन खाली वाकली. आम्ही तिघं उभे. उलटं बसवलेलं पान तिनं टोकापासून देठापर्यंत पाहिलं.

“ग्लाब्रो,” ती म्हणाली आणि सरळ झाली. “म्हणजे तुम्ही लिहिलंत तेच खरं. मग आता शंका नाही.”

“कसली?” साहेबांनी विचारलं.

“जिथून ही फांदी आली तो उतार मी चार वर्षं चढतेय. एकूण एक झाडाचं पान उलटून पाहिलं. सगळी लोकरीची. गुळगुळीत एकही नाही. गुडघा तिथंच गेला माझा.” तिनं फोल्डरवर हात ठेवला. “ही जात संपली. परत जाऊन मला तेच लिहायचंय. जगात एवढा एक कागद राहिलाय.”

“म्हणजे जगातला एकमेव नमुना आमच्याकडे!” साहेबांच्या तोंडावर दुःख आणि आनंद यांची धक्काबुक्की झाली; आनंद पुढं निघाला. “बाई, ऐकलंत का? एकमेव!”

बाई ऐकत होत्या. पाहुणीनं त्यांचा हात हातात घेतला होता, घरात कुणी गेल्यावर घेतात तसा. ज्या झाडाचं सुतक ती धरून बसली होती, ते कधी जन्मालाच आलं नव्हतं. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला मी रजिस्टरमध्ये तोंड घालून उभा होतो.

बाईंनी हात सोडवून घेतला. कोपऱ्यातलं पाकीट उघडलं, चिमट्यानं एक तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुकडा दोनदा निसटला. मग त्या बाजूला सरकल्या.

“तोमेन्तोसो,” त्या म्हणाल्या.

पाहुणी बघत राहिली. फार वेळ. मग खुर्चीवर बसली आणि दुखरा गुडघा दाबत म्हणाली, “चार वर्षं.” पुढं तिच्या भाषेत आणखी काही म्हणाली. ते बाईंच्या अकराशे चाळीस कार्डांत नव्हतं.

“हा काय प्रकार आहे?” साहेब.

“पाठीला लोकर होती, साहेब. कागदावर बसवताना पुसली गेली. नवी जात नाही ती.”

“पुसली? कुणी पुसली?”

“पाकीट माझ्यासमोर होतं. सव्वीस वर्षं. मी उघडलं नाही.”

“ते राहू द्या. पान कुणी घासलं, ते सांगा.”

“वर्णन माझं आहे,” बाई म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, “तेव्हा मी नव्हतो, साहेब.” एकोणीस या आकड्याचा मला एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

जाताना पाहुणीनं बाईंना जवळ घेतलं आणि एक शब्द म्हणाली. बाईंनी तो तिच्याकडून एका कोऱ्या कार्डावर लिहून घेतला. ते कार्ड त्यांनी खणात सगळ्यांत मागं ठेवलं. इंग्रजी घातलं नाही, खालची मराठीची जागाही मोकळीच ठेवली.

घरी त्या दिवशी वहिनींनी पाहुणीसाठी नवे कप काढून ठेवले होते. पाहुणी आली नाही, आणि का आली नाही ते बाईंनी जेवताना सांगितलं. भाऊ म्हणाला, “चालायचंच.” बाई म्हणाल्या, ती फ्रेम काढून टाका. वहिनी भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “राहू दे वन्सं. काढली तर तेवढा चौकोन पांढरा दिसेल.” फ्रेम अजून तिथंच आहे. आता कुणाला दाखवत नाहीत.

आमच्याकडे चूक खोडायची नाही असा नियम आहे. जुन्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. दुरुस्तीची नवी चिठ्ठी तिच्याशेजारी चिकटवायची, खाली नाव-तारीख घालायची. जात गेली तरी लाल फोल्डर जात नाही. म्हणजे चूक आणि दुरुस्ती, दोन्ही एकाच अक्षरात, संस्था असेपर्यंत शेजारी शेजारी. बाईंनी चिठ्ठी त्याच दिवशी लिहिली, दोन्ही भाषांत, चार ओळी. कुणाचं नाव त्यात नव्हतं, स्वतःचं सोडून. पण चिकटवली नाही. नवा चिकटवणारा दोनदा विचारून गेला.

“बुधवारी,” बाई म्हणाल्या.

बुधवारी डिंककाका आले. बाईंनी त्यांच्यापुढं कागद ठेवला, डिंकाची वाटी उजव्या हाताला, ब्रश तिच्यात.

“काका, एक चिठ्ठी लावायची आहे. लाल फोल्डरवर. तिथं दुसऱ्याचा हात नको.”

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी बोटं पुसली, कागदाची कड चाचपली, मग फांदी, मग एकेक पान, ओळखीच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं.

“बघ, म्हटलं नव्हतं? एक टोक उचललं नाही.” त्यांनी चिठ्ठीला डिंक लावला, पातळ, कडेपर्यंत. “काय लिहिलंय गं यात?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनात शाई आहे का ते बघत होतो.

“पानाच्या पाठीला लोकर होती,” बाई म्हणाल्या. “एवढंच.”

“होतीच की!” काका म्हणाले. “त्यात लिहायचं काय? तेव्हाच मला विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं.”

त्यांनी चिठ्ठी ठेवली. बाईंनी हात धरून जागा दाखवायची गरज पडली नाही. जुन्या चिठ्ठीची कड बोटानं शोधून त्यांनी नवी तिला समांतर लावली. वर कोरा कागद ठेवला, आणि दोन्ही तळवे त्यावर टेकून, डोळे छताकडे लावून, ओठांनी आकडे मोजत बसले. साठ झाले तेव्हा हात उचलले.

“सरळ बसली ना?”

“सरळ आहे, काका.”

“मग झालं तर,” ते म्हणाले. “आता हलायची नाही.”