शंभर टक्क्यांची शाळा

व्हॅलेन्शिया गेन्सचं काम लोकांचं रक्त काढायचं. उत्तर फिलाडेल्फियातल्या एका हॉस्पिटलात नऊ वर्षं ती हेच करत होती आणि त्यात एक गोष्ट पक्की शिकली होती: "मला सुईची अजिबात भीती वाटत नाही" असं जो मोठ्यांदा सांगतो, तोच आधी खुर्चीवरून घसरतो. त्यामुळे लँटर्न हिल चार्टर शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक हातात पडलं आणि त्यात तीन ठिकाणी 'आमची शंभर टक्के मुलं कॉलेजात' असं वाचलं, तेव्हा तिला असे बरेच घसरलेले लोक आठवले.

पण करणार काय? तिची दहा वर्षांची नायला कोपऱ्यावरच्या सरकारी शाळेत जात होती. तिथल्या वाचनालयाला दोन वर्षं कुलूप, आणि जानेवारीपासून गणिताच्या तासाला बदली शिक्षक कार्टून लावून स्वतः फोन बघत बसे. नायलाला कार्टूनं पाठ झाली होती. अपूर्णांक मात्र अर्ध्या पिझ्झाच्या पुढे सरकले नव्हते.

"आपल्याच कराचे पैसे, शाळा मात्र भलत्याच कुणा मंडळाची, आणि प्रवेश लॉटरीनं!" व्हर्डेल मावशी म्हणाली. "ही शाळा आहे की कॅसिनो?"

मावशी एकतीस वर्षं सरकारी शाळांच्या कँटीनमध्ये जेवण वाढून निवृत्त झाली होती. निवृत्त ती फक्त पगारातून झाली होती, मतं देण्यातून नाही.

"मावशी, मी एकटी जाऊन बघून येते."

"तू पत्रक वाचलंयस. शाळा मला कळते. कोट घाल."

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी नायलाला मध्ये घेऊन दोघी लँटर्न हिलला पोचल्या. पूर्वीच्या फर्निचरच्या गोदामात शाळा थाटली होती. दारातच डेव्हन प्रेंटिस नावाचे संचालक उभे होते. वय तिशीचं, गळ्यात बो-टाय, आणि हसू असं, की वर लावून ठेवलंय आणि संध्याकाळी काढून ठेवणार.

"या, या! आधीच सांगतो, आमच्याकडे विद्यार्थी नसतात. आम्ही त्यांना विद्वान म्हणतो."

"मग शिकवता कुणाला?" मावशीनं विचारलं.

प्रेंटिस हसले. बाकीचे सातआठ पालकही हसले, पण जरा जपूनच, कारण लॉटरी अजून व्हायची होती.

कॉरिडॉरमध्ये जमिनीवर निळी रेघ होती आणि रेघेवरून पाचवीचा वर्ग चालला होता. हात पाठीमागे, गाल फुगलेले. बोलायचा मोह होऊ नये म्हणून तोंडात हवा धरून चालायचं, असा नियम होता.

"आई," नायला कुजबुजली, आणि नायलाची कुजबुज दोन मजले ऐकू जाई, "सगळ्यांच्या दाढा एकदम दुखतायत?"

रांगेतल्या दोन विद्वानांच्या गालांतली हवा फुसकन सुटली. शिक्षिकेनं लगेच वहीत काहीतरी लिहिलं. व्हॅलेन्शियानं नायलाला जवळ ओढलं. ही पोरगी झोपेतसुद्धा बोलते, इथं हिचं काय होणार?

मावशीला स्वयंपाकघर बघायचं होतं. ते नव्हतंच. जेवण बाहेरून सीलबंद डब्यांत येई. मावशीनं एक डबा उचलून उजेडात धरला. "यातला वाटाणा माझ्याहून म्हातारा दिसतोय," ती म्हणाली आणि कुठल्याशा थोर माणसाची समाधी असावी तसा तो डबा हलकेच खाली ठेवला.

शेवटी सगळे एका मोठ्या भिंतीपाशी आले. भिंतीवर बारावीच्या मुलांचे काळ्या झग्यांतले फोटो होते. प्रेंटिस सांगू लागले, की यातला प्रत्येक जण कॉलेजात गेला. व्हॅलेन्शिया फोटो मोजत होती. एक्केचाळीस.

"ही बॅच नववीत आली तेव्हा किती होती?"

"तेव्हा शाळा वेगळ्या टप्प्यावर होती, मिस गेन्स."

"टप्पा असू दे. मुलं किती होती?"

"अठ्ठ्याण्णव," ते खोकल्याच्या आडून म्हणाले.

"अगंबाई," मावशी म्हणाली. "सत्तावन्न विद्वान वाटेत कुठं सांडले?"

"काही कुटुंबांनी दुसरा पर्याय निवडला."

रुग्ण मान फिरवून भिंतीकडे बघू लागला, की सुई लागणार हे त्याला कळलंय असं व्हॅलेन्शिया समजत असे. प्रेंटिस आता भिंतीकडेच बघत होते.

ती टॉयलेटमध्ये गेली. तिथं बेसिनपाशी एक तरुण बाई उभ्यानं प्रेट्झेलची खारी बिस्किटं खात होती. व्हॅलेन्शियाला बघून तिनं घास घाईघाईनं गिळला.

"माफ करा. अकरा मिनिटांची सुट्टी असते. मी मिस हॅलरन. पाचवीला गणित शिकवते. या वर्षातली तिसरी."

"आधीच्या दोघी?"

"एक लग्न करून गेली, एक रडत गेली."

"खरं सांगा, तुमची मुलगी इथं घातली असती?"

मिस हॅलरननं ओठावरचं मीठ पुसलं. "गप्प बसणारी असती तर डोळे मिटून. बडबडी असती तरी घातली असती, पण स्वतः येऊन वर्गात मागं बसले असते. आईबाप मागं बसलेले असले की इथं नियम जरा मऊ होतात. आणि मी हे बोलले नाही."

"मी ऐकलंच नाही."

पुढच्या तासाला मिस हॅलरननं पाहुण्या मुलांना वर्गात बसू दिलं. अर्ध्या तासानं नायला बाहेर आली ती उड्या मारतच. परतीच्या बसमध्ये पाव मोठा की एक तृतीयांश, हे तिनं आईला समजावलं, मावशीला समजावलं आणि मग शेजारी टोपी डोळ्यांवर ओढून बसलेल्या माणसालाही समजावलं. त्याला मान्य झालं तेव्हाच तिनं त्याला उतरू दिलं.

व्हॅलेन्शिया खिडकीबाहेर बघत राहिली. तिला राग आला होता. शाळा सरळसरळ वाईट असती तर किती बरं झालं असतं!

एप्रिलमध्ये लॉटरी निघाली. नायला प्रतीक्षायादीत चौदावी. मावशीनं त्या आनंदात पीच कॉबलरचं गोडधोड केलं. मग ऑगस्टमध्ये प्रेंटिस यांचा फोन आला. सहावीत एक जागा रिकामी झाली होती, चोवीस तासांत उत्तर हवं होतं.

"कुणाची जागा?" व्हॅलेन्शियानं विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"ते मूल गेलं, की तुम्ही घालवलं?"

 प्रेंटिस वेगळ्याच, थकलेल्या आवाजात म्हणाले, "थोडं दोन्ही."

त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. आपण 'हो' कशी म्हणालो, हे व्हॅलेन्शियाला नंतरही नीट सांगता आलं नाही. बसमध्ये नुकतंच कुणी उठून गेलेल्या, अजून गरम असलेल्या जागेवर बसावं तसं तिला वाटलं. मावशी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. एवढं मौन तिनं नवरा गेला तेव्हाही पाळलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात नायलाला बोलण्याबद्दल तक्रारीच्या सात चिठ्ठ्या मिळाल्या. शुक्रवारी व्हॅलेन्शियाची ड्युटी दुपारची असे. सकाळीच हॉस्पिटलचे कपडे घालून ती शाळेत गेली आणि वर्गात मागे जाऊन बसली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. तिसऱ्या शुक्रवारी प्रेंटिस आलेच.

"काही तक्रार आहे का, मिस गेन्स?"

"छे हो. छान चाललंय. चालू द्या."

चौथ्या शुक्रवारी तिनं मावशीला आणलं. मावशी डबाभर घरचा मक्याचा कॉर्नब्रेड घेऊन आली आणि मधल्या सुट्टीत दारापाशी उभी राहून वाटू लागली. गालात हवा धरून कॉर्नब्रेड खाता येत नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रेंटिस यांच्याही, कारण दुसरा तुकडा त्यांनी मागून घेतला. ऑक्टोबरपर्यंत मागे आणखी तीन आया आणि एक आजोबा बसू लागले. आजोबा बहुतेक वेळ पेंगत, पण व्हॅलेन्शिया धरून मोजायला पाच माणसं होती. जेवताना बोलायची परवानगी झाली. चिठ्ठ्या मात्र चालूच राहिल्या. नायलाच्या आठवड्याला सातवरून तीनवर आल्या, त्यातल्या दोन तिला खरोखरच मिळायला हव्या होत्या.

नाताळच्या सुट्टीत मिस हॅलरन शहराबाहेरच्या शाळेत निघून गेली. तिकडे जेवायला चाळीस मिनिटं मिळत होती. या वर्षी ती सहावीलाही, म्हणजे नायलालाच, गणित शिकवत होती, त्यामुळे नायला दोन दिवस रडली. जानेवारीत तिच्या जागी मिस्टर टॅलिफेरो आले. गॅस कंपनीत अडतीस वर्षं मीटरचे आकडे घेतलेले, निवृत्त, मिशीवाले, आवाज अगदी बारीक.

"कसे आहेत?" व्हॅलेन्शियानं विचारलं.

"गणित मस्त येतं त्यांना," नायला बूट काढत म्हणाली. "पण आई, मागच्या बाकांवर काही ऐकूच येत नाही. म्हणून त्यांनी मला पुढं उभं केलंय. ते बोलतात ते मी मोठ्यांदा सांगायचं."