वायर की दोर

अपघाताला अडीच महिने झाल्यावर अक्रम संदेशच्या घरी दोन भेंडोळी घेऊन आला. एका हातात पोलादी वायरचं, नवं, तेलकट, खांदा ओढणारं. दुसऱ्या हातात निळ्या सिंथेटिक दोराचं, करंगळीवर उचलावं इतकं हलकं. चिपळूणच्या दुकानदाराने दोन्ही दिली होती आणि नको असेल ते परत आणा असं सांगितलं होतं. निवड संदेशची बायको राही करणार होती, कारण सोमवारपासून त्यांच्या एटीव्हीच्या विंचपाशी संदेशच्या जागी तीच उभी राहणार होती.

गुहागरच्या किनाऱ्यावर अक्रम आणि संदेशची ती एटीव्ही, म्हणजे जाड चाकांची वाळूवर चालणारी गाडी, गेली चार वर्षं दोन कामं करायची. पर्यटकांना वाळूवर फिरवायचं, आणि त्याच पर्यटकांच्या रुतलेल्या गाड्या ओढून काढायच्या. वाळूत गाडी नेऊ नये असा फलक तिथे आहे, चांगला हातभर अक्षरांचा. पण नवी गाडी घेतलेल्या माणसाला फलक दिसत नाही, त्याला समुद्र तेवढा दिसतो. मग चाकं रुततात, भरती चढू लागते, गाडीतली मंडळी चपला हातात घेऊन खाली उतरतात आणि या दोघांच्या नावाने शोधाशोध सुरू होते. एटीव्हीची मागची बाजू सुरूच्या खोडाला बांधायची, पुढच्या विंचची, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या रहाटाची, वायर रुतलेल्या गाडीत अडकवायची, अक्रमने बटण दाबायचं आणि संदेशने मध्ये उभं राहून ड्रायव्हरला हातवारे करायचे, अशी त्यांची रीत होती.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक मोठी पांढरी गाडी ओढताना वायर तुटली आणि सुटलेलं टोक उलटं येऊन संदेशच्या तोंडावर बसलं. एक डोळा जागच्या जागी गेला. दुसऱ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

गावाने सगळा दोष वायरच्या माथी मारला. नाक्यावर चहा पिणारा प्रत्येक जण आता विंचमधला जाणकार झाला होता. ज्याने जन्मात विहिरीच्या रहाटाला हात लावला नव्हता तोही सांगत होता की पोलाद वाईटच, दोर असता तर असं झालं नसतं. संदेश मात्र वायरला काही बोलत नसे. येईल त्याला तो एकच सांगायचा, "अक्रमनं मना शंभर वेळा सांगितलेलं, वायर ताणात असताना जवळ उबा राहू नको. मीच आयकलं नाय."

अक्रम रोज संध्याकाळी यायचा, संदेशला हाताला धरून किनाऱ्यावर न्यायचा, आणि रोज एकदा तरी हे वाक्य ऐकायचा. ऐकताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत असे. कारण खरी गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक होती.

वायर तुटण्याच्या आठ दिवस आधी ती गुंडाळताना त्याच्या तळहातात काटा शिरला होता. बघितलं तर वायरच्या पिळातली एक बारीक तार तुटून बाहेर आली होती. मग बोटं फिरवली तर एका वितीत पाच. अक्रमने बारा वर्षं कुवेतमध्ये क्रेनखाली वायर बांधायचं काम केलं होतं. तिथे एवढ्यावर अख्खी वायर कापून भंगारात जात असे आणि ती वापरणारा माणूस पुढच्या विमानाने घरी. म्हणजे नेणता होता असंही म्हणायची सोय नाही. पण नाताळची गर्दी तोंडावर आली होती आणि चिपळूणला जाऊन यायचं तर दिवस मोडला असता. त्याने त्या वितीवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. संदेशचा हात कापू नये म्हणून, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर संदेशला दिसू नये म्हणून. दिसलं असतं तर संदेशने त्या क्षणी काम थांबवलं असतं.

आणि अपघाताच्या दिवशी मित्राला दवाखान्यात पोचवून आल्यावर, सदऱ्यावरचं रक्त वाळलं नव्हतं तेव्हा, त्याने पहिलं काम काय केलं तर ती वायर खाडीत नेऊन टाकली. त्या करणीची त्याला आजही किळस येत होती.

राही घरापुढच्या खळ्यात सुकट पसरत होती. हात पदराला पुसून ती भेंडोळ्यांपाशी उकिडवी बसली. ती नाटे या बंदराच्या गावची, मच्छीमाराच्या घरातली. दोर तिला नवा नव्हता.

"भावजी, सरळ सांगा," ती म्हणाली. "ह्यातलं तुटत नाय ता कुठलं?"

"दोन्ही तुटतात, वहिनी."

मग त्याने तिला सगळं समजावून सांगितलं, आणि ते मात्र मनापासून सांगितलं. वायरला कातळावर घासलं तरी फारसं काही होत नाही, उन्हाची फिकीर नाही. पण खाऱ्या हवेत ती आतून गंजते, आणि तुटली की काय करते ते या घराला सांगायला नको. दोर हलका, उघड्या हातांनी धरता येतो, तुटला तर बहुतेक वेळा जागीच पडतो. पण वाळूचे कण त्याच्या पिळात शिरून त्याला आतून कातरतात, ऊन त्याला खातं, जांभ्या दगडाच्या धारेवर दोन वेळा घासला की संपला. रोज गोड्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. शिवाय जुन्या वायरने विंचच्या तोंडावरच्या रोलरला खाचा पाडल्यात, त्या दोराला कापतील, म्हणून रोलरही बदलावा लागेल.

राहीने दोराचा पीळ नखाने उघडून आत बघितलं. "बापाच्या होडीचा दोर आमी असाच बगायचो," ती म्हणाली. "दोरच बसवा."

अक्रमला एकदम सुटल्यासारखं वाटलं. दोर बसला की वायरचा विषय संपला. वायरवर सगळं ढकलून गाव मोकळं, तोही मोकळा. त्याने वायरचं भेंडोळं उचललंसुद्धा.

"पन तुटायच्या आदी कळनार कसं?" राहीने विचारलं. "मना ता शिकवा. मी उबी राहनार थितं."

त्याने सांगितलं. दोराला लव सुटते. घासून वितळला असेल तिथे तो कडक लागतो. असं काही दिसलं तर कोणाची गाडी पाण्यात गेली तरी काम करायचं नाही.

"आनि वायरचं?"

"वायरच्या तारा आदी तुटतात. एक, दोन. हाताला टोचतात."

"म्हंजे ती आदी सांगते."

"सांगते."

"मंग आपल्या वायरनं नाय सांगितलं?"

तिच्या मनात काही नव्हतं. तिला शिकायचं होतं, एवढंच. एखादी वायर अचानकही तुटते, वहिनी, हे उत्तर अक्रमच्या जिभेवर तयार होतं. अडीच महिने ते तो सगळ्यांना देत आला होता. पण हे उत्तर घेऊन ही बाई सोमवारी ताणलेल्या दोराजवळ उभी राहणार. अचानकच तुटायचं असेल तर रोज तपासायचं कशाला, असं एक दिवस तिला वाटणार.

"सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "आठ दिस आदी. मना."

आणि मग पट्टी, नाताळ, खाडी, सगळं त्याने खाली बघत सांगून टाकलं. कावळे सुकटीवर उतरले तरी राही उठली नाही.

"झोपेत बी बडबडतो तो," शेवटी ती म्हणाली. "मी थितं का उबा राहिलो, मी थितं का उबा राहिलो. मी त्याला थोपटते नि सांगते, जाऊं दे, चूक व्हते मानसाकडनं." तिचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा झाला. "मागल्या पडवीत हाय तो. जावा नि सांगा. माज्या तोंडून नाय सांगनार मी."

मागच्या पडवीत संदेश सुपाऱ्या सोलत बसला होता. हातांना काहीतरी काम हवं म्हणून अलीकडे तो हे शिकला होता, आणि बोटांवर जागोजाग कापल्याच्या खुणा होत्या. पावलांच्या आवाजाने त्याने मान वर केली आणि अक्रम होता त्याच्या जरा डावीकडे बघून हसला.

"काय रं, काय ठरवलंन बायकोनं माज्या?"

"दोर," अक्रम म्हणाला. आणि उभ्याउभ्याच त्याने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी ते फार लवकर सांगून झालं.

संदेशचे हात थांबले होते. "आठ दिसांत किती गाड्या काडल्या आपन?" त्याने विचारलं.

"अकरा."

"अकरा वेळा मी थितं उबा व्हतो. नि तू बटनावर."

"व्हय."

अक्रम शिव्यांची वाट बघत होता. संदेशने सुपारी फेकून मारली असती, आईवरून शिवी दिली असती, तर अक्रमला ते चाललं असतं. पण संदेशने मांडीवरची सालं झटकली आणि कामाचं बोलावं तसं बोलला.

"दोर आजच बसव. पन तो रोज राही तपासनार. ती हो म्हनल तवाच बटन दाबायचं. तू दोराला हात लावायचा नाय."

"नाय लावनार." अक्रम जायला वळला. "संध्याकाळी येतो. किनाऱ्यावर जाऊं."

"नको." संदेशने टोपलीत हात घालून चाचपून पुढची सुपारी शोधली. "चूक माजी व्हती तवर तुजं येनं बरं वाटायचं रं."