समुद्रावरचा धूर

धवल दिघेचे सासरे मास्क हनुवटीवर ओढून आत आले. फोटोत चेहरा दिसायला हवा ना! तोंडात पानमसाल्याचा तोबरा होता.

दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या त्या कंपनीत श्रावस्ती वासनिक कॅमेऱ्याची इंजिनिअर होती. कंपनी धवलची. उपग्रह लहानसा, घरातल्या पाण्याच्या कूलरएवढा. अवकाशातून शेतांचे फोटो काढायचे एवढंच त्याचं काम, आणि सगळा जीव कॅमेऱ्याच्या भिंगात. म्हणून त्या खोलीत झगा, टोपी, मास्क घातल्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. पण त्या दिवशी धवलनं पाहुण्यांसाठी भिंगाचं झाकणच काढून ठेवलं होतं.

"बस, इतना सा?" म्हणत सासरे भिंगावर वाकले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. तपकिरी थेंब भिंगभर उडाले.

श्रावस्ती पुढे धावली. ती "हात लावू नका!" म्हणून ओरडेपर्यंत धवलनं खिशातला रुमाल काढून भिंग खसाखसा पुसलंसुद्धा. सासरे बाजूला उभे राहून शांतपणे सुपारी चघळत होते.

पाहुणे गेल्यावर तिनं बॅटरी तिरपी धरून पाहिलं. भिंगाच्या नाजूक लेपावर ओरखडे उठले होते, आणि त्यांच्यात चिकट मेण लागल्यासारखं काहीतरी बसलं होतं.

"भिंग बदलायला लागेल," ती म्हणाली.

"पागल आहेस का? रॉकेट आपलं एकट्याचं नाहीये, यार. बाकीचे उपग्रह पण चाललेत. ते आपल्यासाठी थांबणार आहेत?"

"मग आपण पुढच्या रॉकेटनं जाऊ."

"चलो, झालं," धवल हसला. "वरून काय दिसणारे थोडीसी थूक?"

'थूक' हा शब्द त्यानं इतक्या लाडानं उच्चारला की तिला त्याच्याकडे बघवेना.

उड्डाणाच्या दिवशी सगळे मोठ्या पडद्यासमोर जमले. रॉकेट हलकं, घन इंधनावर चालणारं. असलं इंधन एकदा पेटलं की मध्येच विझवता येत नाही. जे काही तपासायचं ते आधीच तपासून घ्यावं लागतं. किनाऱ्यावरून ते झपकन वर गेलं. एकेक टप्पा जळून गळून पडला आणि उपग्रह नेमक्या कक्षेत सुटला. इतकं चोख काम! कॉलेजपासून या क्षणाची वाट पाहिलेली श्रावस्ती टाळ्या वाजवत होती खरी, पण तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. इतकी आग, इतका जोर लावून आपण त्या माणसाची थुंकी आकाशात पोचवली.

पहिला फोटो दिल्ली आणि आसपासच्या शेतांचा आला. मधोमध दुधाळ, पिवळट पट्टा. आदल्या दिवशी पाऊस होऊन आभाळ धुऊन निघालं होतं, तरी पाहणारा जो तो म्हणाला, "ओहो, किती स्मॉग!"

धवलनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

पंधरवड्यात त्यानं नवीनच टूम काढली. उपग्रह आता पिकांचे फोटो काढणार नव्हता, तर शेतात पराली, म्हणजे भाताचे खुंट, कोण जाळतं ते पकडून देणार होता. जिथे पिवळट पट्टा, तिथे धूर. जिथे धूर, त्या गावाला दंड. एका सरकारी खात्याला अशी नावं हवीच होती.

"पण तो धूर नाहीये," श्रावस्ती म्हणाली.

"त्यांना धूर हवाय. आपल्याकडे धूर आहे. तुला प्रॉब्लेम काय आहे?"

ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

खात्याचे अधिकारी भालचंद्र मोहरीर मीटिंगला आले. दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळातले. श्रावस्तीच्या वडिलांना, काशीनाथरावांना ओळखणारे. धवलनं गावांची नावं लिहिलेला फोटो पडद्यावर लावला. मोहरीर खूश होऊन मान डोलवत होते. फोटो बदलण्याचं काम श्रावस्तीकडे होतं. तिनं पुढचा फोटो लावला.

पडद्यावर नुसतं निळं पाणी आलं. मधोमध तोच पिवळट पट्टा.

"हे कुठलं गाव?" मोहरीरांनी विचारलं.

"अरबी समुद्र आहे, सर. किनारा खूप लांब आहे इथून. इथे पराली कोण जाळतं?"

धवल झटकन उठला. "टेक्निकल एरर आहे सर, आम्ही—"

"एरर नाही," श्रावस्ती म्हणाली. "भिंगावर पानमसाला उडालाय. ह्यांच्या सासऱ्यांचा. ह्यांनी तो रुमालानं पुसला, माझ्यासमोर. उपग्रह वाळवंटावर न्या, समुद्रावर न्या, हा पट्टा त्याच जागी दिसणार. ह्या गावांनी काही केलेलं नाही."

मोहरीरांनी पुढ्यातला चहाचा कप जरा लांब सारला.

धवलनं तिथेच तिचं ओळखपत्र मागून घेतलं. लिफ्टपाशी मोहरीरांनी तिला गाठलं.

"अगं, आधी मला बाजूला घेऊन सांगायचंस. मी सांभाळून घेतलं असतं."

"काय सांभाळलं असतं, सर?"

ते गोंधळले. "म्हणजे... पहिल्याच फोटोला मला शंका आली होती. पण असं चारचौघांत नसतं बोलायचं. आपली माणसं म्हणून सांगतोय."

सासऱ्यांना निदान ठसका तरी लागला होता. ह्यांनी सगळं समजून मान डोलवली होती. लिफ्ट आली, पण त्यांच्याबरोबर नको म्हणून ती जिन्यानं उतरली.

खात्यानं तो करार 'तांत्रिक कारणास्तव' सोडून दिला. धवलला कुणी जाब विचारला नाही. श्रावस्ती घरी बसून दुसरीकडे अर्ज करत होती. आई, चंदाबाई, रोज तिच्या आवडीचं काहीतरी करायची. ते तिच्या घशाखाली उतरायचं नाही.

मग एका संध्याकाळी जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. धवल तीच योजना घेऊन चंदीगडला, तिथल्या सरकारी खात्याकडे चालला होता. तेच फोटो, तोच धूर. समुद्राचा फोटो फक्त काढून टाकलेला.

तिनं फोन ठेवला. काशीनाथराव समोरच वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, शी... परत त्या लोकांचं तोंड बघावं लागणार मला. त्यांचा आवाज जरी आठवला ना, तरी मळमळतं."

"कळतंय," ते म्हणाले. "तुझ्याऐवजी दुसरं कुणी जाऊन सांगेल का?"

"सगळ्यांना नोकऱ्या टिकवायच्यात."

काशीनाथरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मग मळमळत असलं तरी जा. मी येऊ बरोबर?"

श्रावस्तीनं मान हलवली, आणि तोंड वाकडं करतच चंदीगडच्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढली.