भिंतीपलीकडचा उपदेश

चर्चच्या पाळकांच्या हाताखाली शिकणारा एक तरुण रोजच्यासारखा दुपारी खोलीत मोठ्यानं उपदेशाची तालीम करत होता. विषय होता माणसातला दुष्टपणा. शेजारची बाई नवऱ्याच्या मारानं किंचाळली, तेव्हा वाक्य तुटू नये म्हणून त्यानं आवाज चढवला. मेल्याला वाक्याचीच पडली होती!

चौथ्या दिवशी पाळकांनी त्याला पहिल्यांदा व्यासपीठावर उभं केलं, ते तिच्याच अंत्यविधीला. समोर तिची शवपेटी होती, हातात उपदेशाचा कागद. कागद चुरगाळून तो खाली उतरला आणि तिच्या आईपुढे गुडघ्यांवर बसला.

"आई, मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं."

म्हातारीनं डोळेसुद्धा पुसले नाहीत.

"तीही तुमचं रोज ऐकायची. म्हणायची, भिंतीपलीकडे देवमाणूस राहतो, मला कसली भीती?"