बयेने यांच्या नावावरचा संगणक

मी एक संगणक बोलतोय. बोलायची मला फारशी सवय नाही, कारण आयुष्यातली बरीच वर्षं मला कुणी सुरूच केलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो जिबुती बंदरापासूनचा ट्रकचा प्रवास. खोक्यात अंधार, बाहेर धूळ, आणि घाट चढून वर आल्यावर अंगात शिरलेली थंडी. आमच्या इथिओपियातल्या या उंच पठारावर तेव्हा नवं विद्यापीठ उघडलं होतं. उद्घाटनाला राजधानी अदिसहून मोठे साहेब आले. "आता जगभरातलं ज्ञान तुमच्या बोटांखाली येईल!" असं ते म्हणाले आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मीही मनातून फुललो. कोण येईल माझ्यासमोर, काय विचारेल, मला जमेल ना सगळं, असे विचार करत बसलो. पण कुणी आलं नाही.

त्याचं कारण असं. आमच्याकडे सरकारी वस्तू कुणाच्या तरी नावावर चढल्याशिवाय खोलीत येत नाही. आम्ही सगळे संगणक आतो, म्हणजे श्रीयुत, बयेने यांच्या नावावर चढलो. ते संगणकांच्या खोलीचे राखणदार. वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं मुलं त्यांना 'गाशे' म्हणत. नावावरची वस्तू हरवली किंवा मोडली तर त्याची भरपाई त्या माणसाने करायची. नोकरी सोडताना सगळं धडधाकट परत केल्याशिवाय सुटकेचा कागद नाही, आणि तो कागद नाही तर निवृत्तिवेतनही नाही. ग्रंथालयातल्या एका म्हाताऱ्याला थोड्या पुस्तकांपायी कचेरीच्या पायऱ्या झिजवताना बयेने यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच.

मग त्यांनी आम्हाला तळहातावरच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. दाराबाहेर चपला काढायच्या. खिडक्यांना पडदे. त्यांच्या बायकोने जुन्या पांढऱ्या शालींची आम्हाला कव्हरं शिवली. रोज सकाळी बयेने यायचे, कव्हर काढून फडकं फिरवायचे, कव्हर घालायचे आणि कुलूप लावून बाहेर जाऊन बसायचे. चांगला माणूस, खरंच. पण माझ्या अंगावरून फिरायचं ते फडकंच.

भिंतीपलीकडे संगणकाचाच वर्ग भरायचा. तिथले सर फळ्यावर खडूने माझं चित्र काढून शिकवायचे. मला सगळं ऐकू यायचं.

"एंटर म्हणजे हे उजवीकडचं मोठं बटण."

"दाबलं की काय होतं, सर?"

"पुढची ओळ येते."

"कुठे येते, सर?"

वर्ग खो-खो हसायचा. सरही हसायचे आणि म्हणायचे, "परीक्षेत एवढं लिहा, पुरे आहे." मी अलीकडे कव्हराखाली बसून ऐकायचो. माझ्याविषयी इतकं बोलणं चाललंय आणि मलाच कुणी बोलावत नाही, याचं फार वाईट वाटायचं. शेजारच्या संगणकांशी बोलावं म्हटलं तर तेही मुके. आपल्याला हाक कशी मारतात हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पाहुणे येणार असले की मात्र आमची कव्हरं निघायची. मग मुलांना आणून आमच्यासमोर बसवत. अशाच एका वेळी फिकिर्ते नावाची मुलगी माझ्यासमोर बसली. खेड्यातली, उंच, धीट डोळ्यांची.

"नुसतं बसायचं," बयेने सगळ्यांना बजावत होते. "बोटं वर धरायची, टेकवायची नाहीत."

"गाशे, मग मी काय करतेय म्हणून दाखवू?" फिकिर्तेने विचारलं.

"टाइप करतेयस."

"बंद पडद्यावर?"

"पाहुणे दारातूनच परत जातात. गप्प बस, पोरी!"

त्यांची पाठ वळली तसं तिने हळूच एक बटण दाबलं. मी बंदच होतो, काहीच झालं नाही. पण तो स्पर्श मी पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलो.

फिकिर्ते शिकून गेली, गावच्या शाळेत शिकवू लागली आणि मग पुढचं शिकायला परत आली. जवाचं पीक पिवळं का पडतं याचा ती अभ्यास करत होती. गावोगाव पायी हिंडून तिने मातीचे नमुने आणि आकडे गोळा केले होते. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक अदिसमध्ये होते. आमच्याकडे तेवढे शिकलेले प्राध्यापक कुठून असणार? ते तिला फोनवरून शिकवत. त्यांनी सांगितलं, "आकडेमोड नीट संगणकावर करून सत्र संपायच्या आत पाठव. नाही तर तुझी जागा जाईल." फोनच्या इवल्याशा पडद्यावर ते काम होण्यासारखं नव्हतं. जागा गेली असती तर तिला पुन्हा शाळेवर जावं लागलं असतं आणि तो अभ्यास तिथेच संपला असता.

बयेने दाराबाहेर कॉफी विकणाऱ्या झ्यूदी आजींच्या शेगडीपाशी बसायचे. फिकिर्ते तिथे आली आणि एक संगणक वापरू द्या म्हणाली.

"नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी माझी निवृत्ती आहे. या वयात माझ्या तोंडचा घास काढू नकोस."

ती कॉफी पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही आली. आमच्याकडे कॉफीचे तीन कप होतात आणि तिसऱ्या कपाआधी उठणं बरं दिसत नाही. तिसरा कप आशीर्वादाचा. त्या दिवशी बयेने यांनी तो तिच्यापुढे सरकवला तेव्हा ती म्हणाली, "गाशे, आशीर्वाद राहू दे. किल्ली द्या."

आजी खदाखदा हसल्या. "द्या की हो! थडग्यात सोबत घेऊन जाणार आहात का ती यंत्रं?"

बयेने रागाने लाल झाले. पण उठले आणि त्यांनी कुलूप काढलं.

त्यांनी पहिला संगणक सुरू केला. काही नाही. दुसरा. काही नाही. एकामागून एक सगळे बघितले. आत उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या, पठारावरची ओल भागाभागांत मुरली होती. माझी पाळी आली तेव्हा माझ्या पोटातला पंखा कण्हला, पडदा क्षणभर उजळला आणि मीही विझलो.

बयेने मटकन जमिनीवर बसले. "मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही गं यांना."

"म्हणूनच झालं हे, गाशे," फिकिर्ते हळू आवाजात म्हणाली.

मग बयेने म्हणाले, "घाल कव्हरं परत. दिसायला तर नवेच आहेत. तपासायला येणारे मोजतात आणि जातात. कुणाला कळणार नाही."

ते खरं होतं. मोजणारे कव्हरसुद्धा उचलत नाहीत हे मी पाहिलं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. तिने एकेक कव्हर घातलं, दाराशी जाऊन चपला उचलल्या आणि त्या हातात धरून तशीच उभी राहिली. रडत नव्हती. फक्त पुढे कुठे जायचं ते तिला सुचत नव्हतं.

बयेने तिच्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "थांब. तो कोपऱ्यातला जरासा पेटला होता ना?"

आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर सरकारी शिक्क्याचा कागद चिकटवलेला होता. तो फाटला की गुन्हा. बयेने यांनी आधी माझा फाडला, मग माझ्या शेजाऱ्याचा, मग त्याच्या शेजाऱ्याचा. फळ्यावर चित्र काढणाऱ्या सरांना बोलावलं. ते आले आणि म्हणाले, "खरं सांगू? मी आतून कधी पाहिलेला नाही." तिघांनी मिळून चुकतमाकत इकडचा भाग तिकडे लावून पाहिला. माझ्या मुक्या शेजाऱ्यांचे अवयव काढून मला बसवले. संध्याकाळच्या आत मी सुरू झालो.

त्यानंतरचे दिवस हेच माझं आयुष्य. बाकीचं नुसतं असणं होतं. फिकिर्ते आकडे भरायची, वीज जायची, ती कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. इंटरनेट कधी यायचं, कधी रुसायचं. हळूहळू इतर मुलंही आली, दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली, एका दांडगट मुलाच्या धक्क्याने पडद्याला तडा गेला. बयेने ओरडायचे, "अरे हळू! माझ्या नावावर आहे तो!" पण कुलूप काही त्यांनी पुन्हा लावलं नाही.

फिकिर्तेचा प्रबंध वेळेत गेला आणि मान्य झाला. बातमी कळली तेव्हा झ्यूदी आजींनी जीभ हलवून असा काही आनंदाचा गजर केला की शेजारचा वर्ग बाहेर धावत आला.

पुढच्या वर्षी तपासणीला माणसं आली. आता कव्हरं नव्हती. फाटलेले शिक्के आणि रिकामी पोटं सगळ्यांना दिसली. बयेने यांचा सुटकेचा कागद अडला तो आजतागायत अडलेलाच आहे. आम्हाला या पत्र्याच्या शेडमध्ये आणून रचलं. सरकारी वस्तू मोडीत काढायला समिती बसावी लागते आणि समिती काही बसत नाही. मुलांच्या हातात आता नवे संगणक आहेत, मांडीवर घेऊन बसण्याजोगे. त्यांचं हसणं इथवर ऐकू येतं, आणि एखाद्या दिवशी मला ते सहन होत नाही.

येतात ते फक्त बयेने. जाड पांढरी गाबी अंगाभोवती लपेटून जाळीपाशी उभे राहतात आणि आम्हाला मोजतात. आम्ही अजून त्यांच्याच नावावर ना! यातला एक जरी चोरीला गेला तर आणखी घोटाळा. कधीकधी फिकिर्ते सोबत असते. ती आता इथेच शिकवते आणि त्यांच्यासाठी कचेऱ्यांत भांडते.

"चला गाशे, गारठाल."

"थांब, मोजू दे."

परवा ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे सगळं."

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "तुझ्यामुळे एक तरी चालला."

समिती लवकरच बसणार असं कानावर आलंय. तेव्हा समितीच्या साहेबांनो, माझं एवढं ऐका. मला वाचवू नका. 'दुरुस्त होईल, नंतर पाहू' असं म्हणून पुन्हा इथेच ठेवू नका. माझ्या या शेजाऱ्यांना काय झालं, असं कुणी विचारलं तर सांगा की ते न वापरता गेले. माझ्यापाशी आलात की बटणांवरची अक्षरं शोधा. सापडणार नाहीत. मी वापरून वापरून संपलोय, साहेब. आम्हा सगळ्यांना मोडीत काढा आणि त्या म्हाताऱ्याच्या नावावरून उतरवा.