होमशॉच्या मैदानाचा फिरता दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी फिरता दरवाजा आहे. कौतुक करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. साठ वर्षं मी उत्तर इंग्लंडमधल्या होमशॉच्या फुटबॉल मैदानावर माणसं एकेक करून आत सोडली. त्यात भली माणसं पुष्कळ होती, पण मला आठवतो तो एकच हलकट. ट्रँटर, आमच्या क्लबचा अध्यक्ष.

माझा राखणदार जेबेझ. त्याने पायाने खटका दाबला की मी एका माणसापुरता फिरायचो. दर शनिवारी तो मला तेल द्यायचा आणि आपल्या गुडघ्यांना शिव्या. घर भिंतीपलीकडेच. बायको नेली दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण माडीच्या खिडकीतून तिला अर्धं मैदान दिसायचं. तेवढ्यावरूनच ती पंचाची अशी खरडपट्टी काढायची, की तो तिच्या बाजूला यायलाच बिचकायचा.

त्या वर्षी कपच्या सामन्यांत आमची पोरं सुटलीच. हरला तो घरी, अशी ही स्पर्धा. सप्टेंबरपासून ती हरलीच नाहीत. डिसेंबरात पुढच्या फेरीच्या जोड्या ठरल्या. पिशवीतून आधी आमचा क्रमांक निघाला, मागोमाग लंडनच्या एका बड्या क्लबचा. ज्याचा आधी निघेल, सामना त्याच्या मैदानावर. डॉक्टरांनी नेलीचा उन्हाळ्यापर्यंत भरवसा दिला नव्हता. जेबेझने खिडकीची काच आतून-बाहेरून लख्ख पुसली.

आणि ट्रँटरने सामना लंडनला हलवला. तिकडे मैदान मोठं, गर्दी मोठी, तिकिटांच्या गल्ल्यातला वाटाही मोठा.

जेबेझने त्याला माझ्याजवळच गाठलं. "साहेब, नेलीला लंडन झेपायचं नाही."

"मग रेडिओवर ऐकेल. एका बाईसाठी क्लब चालवू का मी?"

"तीस वर्षं तिनं क्लबच्या पोरांचे चिखलाचे शर्ट धुतलेत."

"मी सांगायला गेलो होतो का?"

लंडनहून आमची पोरं सात गोल खाऊन आली. नेलीने तिसऱ्या गोललाच रेडिओ बंद करायला लावला. फेब्रुवारीत ती गेली. ट्रँटरने फुलं पाठवली, जेबेझने ती कचऱ्यात टाकली.

पुढच्या शनिवारी ट्रँटर पाहुण्यांसमोर मिरवत सगळ्यांच्या आधी माझ्यात शिरला. जेबेझने अर्ध्यातच खटक्यावरचा पाय काढला. ट्रँटर मधोमध अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"खटका दाब, जेबेझ."

जेबेझ शांतपणे टोपी घालत होता.

"तुझी नोकरी गेली समज."

"गेली तर गेली. साहेब, अख्खा सामना उचलून लंडनला नेलात तुम्ही. एवढंसं दार उचला की."

तो घरी गेला. रांगेतली माणसं शेजारच्या दाराने आत जायची सोडून तिथेच चहा पीत उभी राहिली. खटक्याला कोणी पाय लावला नाही. शेवटी बाहेरून कारागीर आणून माझी दांडी करवतीने कापली, तेव्हा तो सुटला.

तेव्हापासून मी कुंपणामागे गंजत पडलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आमच्यात रीत आहे. मी म्हणतो, वस्तूंचं नंतर बघा. आजारी माणसाचा एकुलता एक आनंद हिसकावू नका. माझी कापलेली दांडीही कोणी जोडू नका. ती कशी तुटली असं येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं, आणि मी ट्रँटरचं नाव सांगावं.