रंगाऱ्याची भिंत

कचेरीतल्या बाई बुधवारी घर बघायला येणार असा निरोप आला आणि आमच्याकडे शहाणपणाला ऊत आला.

भाडं थकून घर जायची वेळ आलेल्यांना तातडीची मदत देणारी ही कचेरी. माझा नवरा रंगारी. चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून घरीच. मी दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करते. त्यात पोट भरतं, भाडं भागत नाही. घरमालकाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. बाईंनी ‘गरज आहे’ एवढं लिहिलं की थकलेलं भाडं कचेरी भरणार होती.

सासूबाईंनी शेजारणीकडून दोन चांगल्या खुर्च्या आणल्या, पडदा आणला. मी म्हटलं, “आई, आपण मदत मागतोय, सोयरीक जुळवत नाही.”

“म्हणून काय त्यांना घाणीत बसवायचं?”

नवऱ्याचं तिसरंच. खाटेमागची भिंत ओल येऊन काळी पडली होती, पोपडे लोंबत होते. बाई आल्या की आधी तीच दाखवायची, असं मी ठरवलं होतं. तो म्हणाला, “रंगाऱ्याच्या घरात असली भिंत? नाक कापलं जाईल माझं.” माळ्यावर जुन्या कामातला उरलेला डबा होता. मंगळवारी खुर्चीत बसून त्याने पोपडे खरवडले आणि हात पुरेल तिथपर्यंत भिंत रंगवली. वरचा भाग स्टुलावर चढून मी रंगवला. हो, मीच. “एका दिशेने ओढ ब्रश, सारवतेयस काय,” असं तो ओरडत होता. चार महिन्यांनी त्याचा तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी अक्कल गहाण ठेवली.

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. पाणी प्यायल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, “छान ठेवलंय घर.” मग नवऱ्याला विचारलं, “कामाला कधी लागणार?”

“महिन्याभरात उभा राहतो बघा.”

डॉक्टरांनी वर्ष सांगितलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, त्याची ताठ झालेली मान बघितली आणि बाईंना आणखी पाणी विचारलं.

सोमवारी पत्र आलं. घर सुस्थितीत, नुकताच रंग दिलेला, तातडीची गरज दिसत नाही. फेरविचाराचा अर्ज करता येईल, निकालाला सहा आठवडे. महिना संपायला नऊ दिवस होते. मी कचेरीत जाऊन सांगितलं, खुर्च्या शेजारच्या होत्या, रंग जुन्या उरलेल्या डब्यातला होता, पाय वर्षभर टेकायचा नाही.

“अहो, मग तेव्हाच सांगायचं ना,” बाई म्हणाल्या. खरंच होतं ते. म्हणूनच जास्त राग आला.

शेवटच्या दिवशी आम्ही बोचकी बांधत होतो तेवढ्यात घरमालक नव्या भाडेकरूला घेऊन आला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, “आताच रंग दिलाय,” आणि आमच्यापेक्षा जास्त भाडं सांगितलं. सासूबाई केर काढत होत्या, जाताना घाण ठेवली असं कोणी म्हणायला नको म्हणून. नणंदेच्या खोलीत दोघांचीच सोय होती, मायलेकांची. मी धोबीखान्यात झोपणार होते, हे अजून दोघांनाही सांगितलं नव्हतं.

नवरा कुबड्यांवर उभा राहून भिंत निरखत होता.

“वरचा भाग माझ्या बायकोने रंगवलाय,” तो नव्या भाडेकरूला म्हणाला. “तिथे अजून एक हात द्यावा लागेल तुम्हाला.”